भांडुपचं पाणी आणि क्वांटमच्या तारा

मी भांडुपचा. आमच्याकडे महापालिकेचं जलशुद्धीकरण संकुल आहे. मुंबईच्या मोठ्या भागाला इथून पाणी जातं, पण घरागणिक वेगळा पाइप इथून निघत नाही. मोठ्या जलवाहिनीतून पाणी वेरावली, मलबार हिल अशा टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं आणि तिथून वस्तीत वाटलं जातं. क्वांटम संगणकाला आज नेमकी अशीच सोय हवी आहे.

ऑगस्ट 2024मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. सोबत डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा आणि टीसीएस होती. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक; इथले क्यूबिट अतिवाहक प्रकारचे. ते ज्या शीतकात राहतात, त्यात सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या एकीखाली एक टांगलेल्या असतात. खालची तबकडी वरचीपेक्षा थंड, आणि तळाशी निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक शतांश अंश. क्यूबिटना हुकूम देणारी यंत्रं मात्र बाहेर, खोलीत. दोघांना जोडणाऱ्या तारा सगळ्या तबकड्यांतून खाली उतरतात आणि प्रत्येक तार थोडी उष्णता आत नेते. सहा क्यूबिटना हे निभतं. राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य 1000 क्यूबिटपर्यंतचं आहे. तेवढ्या तारा न्यायच्या कुठून?

म्हणून टेकडीवरच्या जलाशयासारखं, हुकूम वाटणारं सर्किटच थंडीत न्यायचं. सिलिकॉन इथे कामी येतं, कारण मोबाइलच्या चिपचा हाच पदार्थ एकेका इलेक्ट्रॉनच्या फिरकीतून क्यूबिटही देतो. अडचण उष्णतेचीच. 4 केल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर चार अंशांच्या, तबकडीला एखाद-दोन वॅट सोसतात, तळाला काही मायक्रोवॅट. घरातला एलईडी दिवासुद्धा तिथे जड होईल. शिवाय थंडीत ट्रान्झिस्टरचा स्वभाव पालटतो. तो चालू व्हायला जास्त व्होल्टेज मागतो. नेहमीच्या तापमानासाठी केलेली गणितं तिथे चुकतात, सगळं नव्याने मोजावं लागतं.

तरी वाट सापडते आहे. इंटेलने 2019मध्ये 4 केल्विनच्या आसपास चालणारी नियंत्रक चिप दाखवली. 2020मध्ये सिडनी आणि डेल्फ्टच्या गटांनी सिलिकॉनचे क्यूबिट 1 केल्विनच्या वर चालवले. तिथे शीतकाची ताकद तळापेक्षा कैक पटींनी जास्त असते. म्हणजे क्यूबिट आणि सर्किट शेजारी नांदू शकतील.

या कामाला हजारो हात लागतील, आणि ते आपल्या पोरांचे असावेत असं मला मनापासून वाटतं. भांडुपच्या शेजारी पवईला आयआयटी आहे, पण सुरुवात साध्या कॉलेजातही होते. मास्तरांना सोबत घ्या, उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये एक ट्रान्झिस्टर बुडवा आणि त्याच्या व्होल्टेज-प्रवाहाचा आलेख काढा. खोलीतल्या आलेखाशेजारी तो ठेवा. दोन रेषांमध्ये जे अंतर दिसेल, ते समजून घेणं हेच या विद्येचं पहिलं पाऊल आहे.