नावावरचा शिक्का
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी एका अदृश्य ओझ्याविषयी चार शब्द बोलावे, असे आम्हांस वाटते. ते ओझे म्हणजे एखाद्या जातीच्या वा जमातीच्या नावावर जगाने मारलेला शिक्का होय.

आपल्या मावळात कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढण्याच्या पूर्वापार धंद्यावरून त्यांस हे नाव पडले. परंतु 'कातकऱ्याच्या पोराला विद्या कशी येणार?' असे लोक सहज बोलून जातात. कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार लेखणारा कायदा इंग्रज सरकारने १८७१ साली केला. तो १९५२ साली रद्द झाला. जिभेवरचा कायदा मात्र अद्याप रद्द झालेला नाही.

अशा बोलण्याने मुलाची कामगिरी खरोखर खालावते काय? कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या विदुषींनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांस भूलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली व आपला निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केला. जात उच्चारली नाही, तेव्हा उच्च व नीच मानलेल्या जातींची मुले सारखीच उतरली. सर्वांसमक्ष जात पुकारताच नीच मानलेल्या जातींची मुले मागे पडली. मुले तीच, कोडीही तशीच. बुद्धी एका घटकेत कोठे गेली? ती गेली नव्हती. लोकनिंदा खरी ठरेल ही धास्ती आणि आपणांस न्याय मिळणार नाही ही शंका मनात शिरली, की चित्त कोड्यावर कसे ठरावे?

पुढे इतरत्र झालेल्या काही पडताळण्यांत शिक्क्याचा परिणाम अल्प आढळला, हेही सांगितले पाहिजे. दारिद्र्य आणि वीटभट्टीसाठी होणारे स्थलांतर ही मोठी कारणे आहेतच. परंतु ती दूर करण्यास काळ लागेल. जीभ आवरण्यास आजचा दिवस पुरे आहे.

नाझरेथातून काही चांगले निघेल काय, अशी शंका नथानिएलाने घेतली होती, हे आपण जाणताच. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनीही असाच शिक्का सोसला. तो दुसऱ्याच्या लेकरावर मारणे आपणांस शोभत नाही. तेव्हा वर्गात कोणाची जात पुकारू नये, चूक झाल्यास कुळ काढू नये, आणि अवघड प्रश्न देताना 'हा तुला सुटेल' असे त्यास विश्वासाने सांगावे.

एवढी सद्बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना.