आपलं लिहिणं कोणाच्या कपाटात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रावर एक जुन्या ओळखीची बाई आली. तिची पोटगीची केस चालू होती. म्हणाली, "ताई, मी तेव्हा आपल्या गटात लिहायचे ना, कधी मारलं, कधी घराबाहेर काढलं, सगळं तारीखवार. तेवढं काढून द्या." मी गप्प बसले. ते लिहिणं आता कुठेच नव्हतं.

हा गट आम्ही काहीजणींनी इंटरनेटवर सुरू केला होता. कुणी पुण्याची, कुणी सोलापूरची, एक तर मस्कतहून लिहायची. देवनागरी टाइप करता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. नवरा झोपला की लिहायचं, सकाळी उत्तरं वाचायची. जागा एका कंपनीची, फुकटची. एके दिवशी कंपनीने ती सेवाच बंद केली. सूचना आली होती म्हणे. पण ज्या पत्त्यावर आली तो उघडणारी मैत्रीण नोकरी बदलून गेली होती. आठ वर्षांचं लिहिणं गेलं. चूक आमचीही होती. सभेचं इतिवृत्त आपण वहीत लिहितो, कपाटाची किल्ली दोघींकडे ठेवतो. इथे कपाटच दुसऱ्याचं होतं, आणि त्याचा विचार आम्ही केला नाही.

हे आमच्यापुरतं नाही. जिओसिटीज या संकेतस्थळावर १९९४ पासून असंख्य साध्यासुध्या माणसांनी आपापली पानं उभी केली होती. १९९९ मध्ये याहूने ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. 'आर्काइव्ह टीम'च्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमतील तेवढी पानं उतरवून घेतली, म्हणून थोडं उरलं.

पण पुसलं जाणं नेहमी हिशेबापोटीच होतं असं नाही. मे २००७ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळाने तक्रारींवरून सुमारे ५०० खाती बंद केली. लोकांनी स्वतःच्या आवडी-विषयांच्या यादीत कोणते शब्द लिहिलेत, ते पाहून! हेतू लहान मुलांचं शोषण रोखण्याचा सांगितला. पण त्यात बलात्कार आणि घरातला लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचे आधारगटही सापडले. त्यांनीही तेच शब्द लिहिले होते ना! ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बरीच खाती पुन्हा सुरू केली. ज्या शब्दांत अत्याचार सांगायचा, ते शब्दच आक्षेपार्ह ठरवायचे, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

यातून पुढे जे घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. आवडत्या कादंबऱ्या-मालिकांतली पात्रं घेऊन नव्या गोष्टी लिहिणाऱ्या लोकांनी, त्यातही बहुतेक बायकांनी, ठरवलं की आता जागाच आपली हवी. २००७ मध्येच त्यांनी ना-नफा संस्था काढली. २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा संग्रह खुला झाला. नाव व्हर्जिनिया वुल्फच्या १९२९ च्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'वरून घेतलेलं. देणग्या जमवून त्यांनी सर्व्हरही स्वतःचे घेतले. बंद पडू घातलेले इतरांचे संग्रह त्या आपल्याकडे आणून ठेवतात.

ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं आणि विसरलंही गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. ९३ वर्षांनी! कागद कुठेतरी पडून राहिला म्हणून हे झालं. सर्व्हरवर असं पडून राहता येत नाही. भाडं थकलं की पान जातं.

तुमच्यातली एखादी विचारेल, सगळं जपायचंच का? एखादीला आपलं लिहिणं पुसून टाकायचं असेल तर? रास्त प्रश्न आहे. सासरच्या हाती लागेल ही भीती खोटी नाही. तिने स्वतः पुसणं हा तिचा हक्क; तिला न विचारता दुसऱ्याने पुसणं ही वेगळी गोष्ट. वर सांगितलेल्या संग्रहात लेखिकेला आपलं नाव काढून घेऊन गोष्ट तशीच ठेवता येते. असा मधला मार्ग आपणही काढू शकतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. आज आपले बहुतेक गट फोनवर चालतात. तीही परक्याचीच जागा. दर तीन महिन्यांनी, प्रत्येकीला विचारून, महत्त्वाचं लिहिणं उतरवून घ्यावं. एक प्रत कागदावर, एक वेगळ्या ठिकाणी. पासवर्ड निदान दोघींकडे हवा. कोर्टात लागेल असं काही असेल तर मूळ फोन आणि मूळ संदेश जपा. नुसती छापील प्रत पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्या वकील मैत्रिणीला आधीच विचारून ठेवा.

त्या बाईची केस अजून चालू आहे. आम्ही दोघी बसून आठवतील त्या तारखा पुन्हा लिहून काढल्या. काही आठवल्या, बऱ्याच नाही. या वेळी वहीत लिहिल्या, आणि वहीच्या दोन प्रती काढल्या.