ताटात फ्लॉवर, तोंडी पालक



१९०१ सालचा नोव्हेंबर. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर एका बाईंसमोर बसले होते. ऑगुस्टे डेटर, वय अवघं ५१. ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर. काय खाताय, असं डॉक्टरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, पालक. डॉक्टरांनी ते टिपून ठेवलं.

१९०६ मध्ये बाई गेल्या. त्यांचा मेंदू अल्झायमरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या बाहेर कसलेसे पुंजके दिसले आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. बाहेरचं ते अमायलॉइड, आतलं ते टाऊ; दोन्ही प्रथिनंच. पण पुढे अल्झायमरांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या या आजाराची ही खूण पटायची ती बहुधा माणूस गेल्यावर. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हे असंच चाललं.

मग अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला जाऊन चिकटणारं एक रसायन तयार केलं. त्याला किरणोत्सारी कार्बन जोडून ते शिरेतून द्यायचं, आणि ते कुठे साठतं हे पेट स्कॅनवर पाहायचं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं. जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड चित्रात उतरलं! अडचण एवढीच, की हा कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे तो बनवणारं यंत्र स्कॅनच्या शेजारीच हवं. पुढे सुमारे ११० मिनिटांनी निम्मं होणारं फ्लोरिन वापरात आलं आणि ते रसायन गाडीतून दुसऱ्या गावी नेता येऊ लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग विसरायला होतंय, काढू या स्कॅन! जरा थांबा. म्हातारपणी अनेकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं आणि तरी त्यांची स्मृती शाबूत असते. नुसत्या चित्रावरून निदान होत नाही.

डॉक्टर आधी सांगतात तो साधा सीटी स्कॅन किंवा एमआरआय. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नव्या आठवणी तिथे घडतात. अल्झायमरमध्ये तो लवकर आकसू लागतो. पण या तपासणीचा मोठा उपयोग वेगळाच. समजा, महिन्या-दीड महिन्यापूर्वी आजोबा न्हाणीघरात घसरले, डोकं आपटलं, कुणी मनावर घेतलं नाही. कवटीखाली हळूहळू रक्त साचलं आणि आजोबा गोंधळायला लागले. हा अल्झायमर नव्हे. ते रक्त काढलं की माणूस सुधारू शकतो. बी-१२ किंवा थायरॉइडच्या गडबडीनेही विसरायला होऊ शकतं; ती रक्ताच्या तपासणीत कळते.

अलीकडे अमायलॉइड धुऊन काढणारी औषधं आली आहेत. त्यांतल्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याने आजार बरा होत नाही, घसरण थोडी मंदावते. शिवाय काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो. म्हणून उपचार चालू असताना ठरावीक टप्प्यांवर एमआरआय करावाच लागतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. काय चुकतंय, कधीपासून, औषधं कोणती, मध्ये कधी पडणं झालं का. भाजीचं नाव चुकलं असेल, तर तेही लिहा. अल्झायमरांनीही तेच लिहिलं होतं.