आधी विचारायचं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ आठवते? डेला आपले लांब केस विकून जिमच्या घड्याळासाठी साखळी घेते, आणि जिम तेच घड्याळ विकून तिच्या केसांत खोवायच्या जडावाच्या फण्या आणतो. बाईंनी विचारलं, “यात शहाणं कोण?” मी म्हणाले, “कोणीच नाही. आधी विचारायचं ना!” वर्ग हसला.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयावरून जाताना ती गोष्ट आठवते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं तिथे जपली आहेत. १९१३च्या त्या चित्रपटासाठी दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, सगळ्या मंडळींना रांधून वाढलं. झोकून दिलं दोघांनी. आपण नाव घेतो एकाचंच.

आमच्या घरीही तेच. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आईने पाटल्या मोडल्या. मला म्हणाली, “सोनं टोचतं गं हाताला.” मी ते खरं मानलं. पुढे मावशीकडून कळलं, तेव्हा तशाच पाटल्या घडवून आणल्या. संधिवाताने सुजलेल्या हातांत त्या चढल्याच नाहीत. “राहू देत, तुझ्या लेकीला होतील,” एवढंच म्हणाली.

जिम-डेलाला सगळं त्याच संध्याकाळी कळलं. मला वीस वर्षं लागली. बाई, माझं उत्तर तेच आहे. फक्त, आधी विचारायचं होतं ते मी.