घराची किल्ली आणि घराचा कागद

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



व्यवसायाने आम्ही डॉक्टर. घराच्या कायद्यावर आम्ही बोलावे, हे धाडसच होय. परंतु या अज्ञानाची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. त्या अनुभवाच्या आधारे चार शब्द मांडतो.

आपल्या समाजासाठी घर म्हणजे केवळ निवारा नव्हे. 1917 साली विलायतेतून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. या देशातदेखील घर देताना वर्णभेद करणे बेकायदेशीर ठरले ते 1968 च्या रेस रिलेशन्स कायद्याने. त्या काळात कर्ज सहजी मिळत नसल्याने कित्येक भारतीय कुटुंबांनी भिशीप्रमाणे पैसे एकत्र करून जुनी घरे घेतली. म्हणूनच स्वतःच्या दाराची किल्ली हाती येते तेव्हा आपले डोळे भरून येतात. आणि भरल्या डोळ्यांनी कागद नीट वाचता येत नाहीत.

आमचे तेच झाले. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून बाहेर पडून आम्ही एक फ्लॅट घेतला. तो लीजहोल्ड होता. म्हणजे जमीन व इमारत दुसऱ्याची आणि आमचा हक्क ठरावीक वर्षांचा. लीजची 84 वर्षे शिल्लक होती. एवढी वर्षे आपल्याला पुरून उरतील, अशा समजुतीत आम्ही राहिलो. दहा वर्षांनी फ्लॅट विकावयास काढला तेव्हा 74 उरली होती आणि घेणाऱ्याला त्याची बँक कर्ज देईना. लीज वाढवू म्हटले, तर मुदत 80 वर्षांच्या खाली गेलेली. अशा वेळी मुदतवाढीमुळे फ्लॅटची जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटाही जमीनमालकाला द्यावा लागतो. मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेली रक्कम त्यात गेली. शिल्लक वर्षांचा आकडा सॉलिसिटरच्या पहिल्याच पत्रात होता. संमतीपत्र वाचूनच सही करा, असे रुग्णांना बजावणाऱ्या आम्ही ते पत्र न वाचता सही केली होती!

आता इंग्लंड व वेल्समधील कायदा बदलत आहे. 30 जून 2022 पासून बहुतेक नव्या निवासी लीजवर ग्राउंड रेंट आकारता येत नाही. 2024 च्या कायद्यात मुदतवाढ 990 वर्षांची करण्याची व तो निम्मा वाटा रद्द करण्याची तरतूद आहे. मात्र त्यातील कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात. कोणते कलम अमलात आले आहे, हे सॉलिसिटरला विचारूनच पाऊल टाकावे.

कर्जाचेही तसेच. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 च्या आरंभी 0.1 टक्का होता. ऑगस्ट 2023 मध्ये तो 5.25 टक्के झाला. 2 लाख पौंडांवर 2 टक्क्यांनी वर्षाचे व्याज 4 हजार, 5.5 टक्क्यांनी 11 हजार. फिक्स्ड दराची मुदत संपताच हा भार अंगावर येतो. म्हणून आजचा हप्ता झेपतो एवढेच पाहू नये. दर वाढल्यास झेपेल का, हेही आधी पाहावे.

मालकी मिळाली म्हणजे सर्व मिळाले, असेही नाही. लंडनमधील 10, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 साली विकत घेतले. परंतु त्याचा संग्रहालय म्हणून वापर करण्यास कॅम्डेन कौन्सिलने 2018 मध्ये परवानगी नाकारली. अपील व चौकशी होऊन ती 2020 मध्ये मिळाली. जे एका राज्य शासनाला चुकले नाही, ते आपल्याला कसे चुकेल? घरामागे खोली वाढविण्यापूर्वी किंवा घराचा दवाखाना करण्यापूर्वी प्लॅनिंगची परवानगी लागते का, याची चौकशी करावी.

शेवटी भगिनींसाठी एक विनंती. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडल्यावर 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. आपल्या घराच्या नोंदणीत पत्नीचे नाव आहे काय, हे आज घरी गेल्यावर प्रत्येकाने पाहावे.

शिका, हा आदेश शाळेपुरता नाही. ज्या कागदावर आपण सही करतो, तो वाचणे हेही शिक्षणच आहे. जयभीम.