पटलाची पारख
(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



रक्तातील साखर मोजणारी उपकरणे आज घरोघरी दिसतात. त्वचेखाली बसवून सतत साखर मोजणाऱ्या संवेदकाची विश्वासार्हता मात्र सहसा कुणाच्या नजरेत न येणाऱ्या एका घटकावर अवलंबून असते. तो घटक म्हणजे त्यावरील पातळ पटल.

या पटलाची कथा अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांच्यापासून सुरू होते. त्यांना रक्तातील प्राणवायू मोजावयाचा होता. परंतु प्लॅटिनमचा उघडा विद्युदग्र रक्तात ठेवला की त्यावर प्रथिनांचा थर चढे आणि मापन बिघडे. क्लार्क यांनी विद्युदग्र पॉलिथिलीनच्या पटलाने झाकला. प्राणवायू आत शिरला, प्रथिने बाहेर राहिली. हे संशोधन १९५६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी पटलांच्या आड ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ठेवण्याची कल्पना मांडली. हे विकर ग्लुकोजवर क्रिया करताना प्राणवायू खर्च करते. त्या घटीवरून साखरेचे प्रमाण कळते. जैवसंवेदकांची परंपरा येथून सुरू झाली.

पटलाची पारख आकारावरून चालते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ग्लुकोजचा रेणू सुमारे १ नॅनोमीटरचा, अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे ७ नॅनोमीटरचे, तर तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची. म्हणूनच नेमक्या मापाची छिद्रे घडविण्याकडे संशोधक वळले. ॲल्युमिनियमचा पत्रा आम्लात ठेवून त्यातून वीज सोडली असता मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र रचना तयार होते. १९९५ मध्ये जपानच्या मासुदा व फुकुदा यांनी ती अत्यंत सुबक रीतीने साधून दाखविली.

तथापि खरी कसोटी शरीरात लागते. त्वचेखाली प्राणवायू ग्लुकोजच्या मानाने अल्प असतो. म्हणून बाहेरच्या पटलाने ग्लुकोज मुद्दाम बेताने आत सोडावे लागते. काही संवेदकांत पॅरासिटामॉलसारखे नित्याचे औषधही विद्युदग्रावर क्रिया करून आकडा खोटा वाढविते. त्यालाही अडवावे लागते. त्यातच शरीर या पाहुण्याला परका मानते. काही मिनिटांत प्रथिने पृष्ठभागाला चिकटतात, मागोमाग संरक्षक पेशी येतात आणि कालांतराने तंतुमय वेष्टन तयार होते. ज्या छिद्रांवर भिस्त, तीच बुजू लागतात.

येथे चूक महागात पडते. खोट्या चढ्या आकड्यावर विसंबून अधिक इन्सुलिन घेतल्यास साखर एकाएकी घसरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. म्हणून लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर बोटातील रक्त तपासून खात्री करून घेणे हेच शहाणपणाचे.

पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचे व पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे लेप देऊन हा थर रोखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. शरीरात वर्षानुवर्षे निर्मळ राहील असे पटल अद्याप हाती आलेले नाही. या प्रश्नाला रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र या तिन्हींची जोड लागते. या विद्यालयाच्या वर्गांत आज बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो अजून खुला आहे.