पोटभाडेकरूस निरोप देतांना

कुंडलिका नदीनें जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा जालना. ‘जालना सोनेका पालना’ ही म्हण ज्या व्यापारामुळें रूढ झाली, त्याच्या जोडीस पुढें बियाण्यांचा धंदा आला, लोखंडी सळयांचे कारखाने आले. नोकरीसाठीं आणि शिक्षणासाठीं परगांवचीं माणसें येथें येतात व बिऱ्हाड शोधूं लागतात. भाडें एकट्यास झेपत नाहीं, म्हणून दोघे मिळून राहतात. बिऱ्हाड मांडतांना कोणी कागद करीत नाहीं. तें मोडतांना मात्र कागदाची आठवण प्रत्येकास होते.

समजा, जुन्या जालन्यांतील एका वाड्यांत एका कारखान्याच्या कारकुनानें दोन खोल्या भाड्यानें घेतल्या आहेत. त्यांतील एक खोली त्यानें दरमहा दोन हजार रुपयांवर दुसऱ्या एका तरुणास दिली आणि सहा हजार रुपये अनामत घेतली. सर्व बोलणें तोंडी झालें. चार महिने गोडीनें गेले. पुढें भाडें थकलें, रात्री-अपरात्री मित्रमंडळी जमूं लागली, मोरीवरून व विजेच्या बिलावरून रोज खटके उडूं लागले. इतक्यांत कारकुनाच्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली. तिला गांवाहून आणून ठेवावयाचें, तर खोली मोकळी हवी. अशा वेळीं हितचिंतक हमखास एकच सल्ला देतात : “तो कामावर गेला कीं कुलूप बदला आणि वळकटी ओसरीवर ठेवा.”

हा सल्ला सोपा आहे, परंतु घातक आहे. तोंवर भाडें थकविणारा दोषी होता. कुलूप बदलतांच दोष कुलूप बदलणाऱ्याकडे येतो. ज्याच्या हातीं स्वतंत्र खोलीचा ताबा आहे, त्यास कायद्याच्या मार्गाखेरीज बाहेर काढलें, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ अन्वयें त्यास सहा महिन्यांच्या आंत दावा लावून ताबा परत मागतां येतो. त्या दाव्यांत खोली मूळ कोणाची हा प्रश्न गौण ठरतो. ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला, एवढेंच पाहिलें जातें. पाणी किंवा वीज तोडण्याची युक्तीहि तशीच फसवी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नें योग्य कारणावांचून अत्यावश्यक सोयी बंद करण्यास घरमालकांना मनाई केली आहे. आणि पोटभाडेकरूच्या बाबतींत मूळ भाडेकरू हाच कायद्याच्या व्याख्येप्रमाणें घरमालक होतो.

याहून अवघड गोष्ट पुढेंच आहे. सोबत्यास जाब विचारण्यापूर्वीं कारकुनानें स्वतःच्या हक्काकडे पाहिलें पाहिजे. मराठवाडा हैदराबाद संस्थानांतून आलेला असल्यामुळें येथें पूर्वीं १९५४ चा हैदराबादचा भाडेविषयक कायदा चालत असे. ३१ मार्च २००० पासून सबंध राज्यासाठीं एकच अधिनियम अमलांत आला. त्याच्या कलम २६ प्रमाणें करारांत तशी मुभा नसेल, तर भाडेकरूनें जागा किंवा जागेचा भाग पोटभाड्यानें देणें, इतकेंच नव्हे तर परवानगीनें वापरावयास देणें, हेंहि बेकायदेशीर आहे. तसें केल्यास कलम १६ प्रमाणें घरमालकास मूळ भाडेकरूकडूनच ताबा मागतां येतो. म्हणजे सोबत्याला घालविण्याच्या घाईंत कारकुनाचें स्वतःचेंच बिऱ्हाड जाण्याचा संभव आहे. सोबत्यालाहि हें ठाऊक असतें. “मालकाला सांगूं का?” या एका वाक्यावर कित्येक जण महिनोन् महिने फुकट राहतात.

या धाकावर एकच उपाय आहे, तो म्हणजे घरमालकाकडे आपण होऊन जाणें. भाड्याचा भार असह्य झाल्यामुळें सोबती घेतला, आतां तो सोडावयाचा आहे, त्यासाठीं एक महिना द्यावा, असें स्पष्ट सांगावें आणि मालकाचा होकार दोन ओळींत लिहून घ्यावा. मालक रागावेल, कदाचित् पुढील कराराच्या वेळीं भाडें वाढवील. तथापि आपल्या तोंडून ऐकलेली चूक आणि परक्याच्या तोंडून ऐकलेली चूक यांत फार अंतर असतें. शिवाय प्रकरण न्यायालयांत गेलें, तर कारकुनास आपला करार तेथें दाखवावाच लागतो. लपवाछपवी तेथवर टिकत नाहीं.

त्यानंतर सोबत्यास लेखी सूचना द्यावी. महिन्याच्या भाड्यानें दिलेल्या जागेसाठीं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमांत पंधरा दिवसांच्या सूचनेची तरतूद आहे. तेवढी मुदत कायद्यास पुरते. परंतु जालन्यासारख्या गांवीं एकट्या तरुणाला नवी खोली मिळावयास वेळ लागतो, हें जाणून पुरा महिना द्यावा. सूचनेंत राग नसावा. खोली कोणती, ती कोणत्या तारखेस सोडावयाची, थकबाकी किती आणि अनामत केव्हां परत मिळेल, एवढेंच लिहावें. एक प्रत हातीं देऊन सही घ्यावी. सही नाकारल्यास पोंच मिळेल अशा रीतीनें टपालानें पाठवावी.

हिशेब तर पैपर्यंत चोख असावा. दीड महिन्याचें भाडें तीन हजार आणि विजेचा वांटा चारशें रुपये थकला असेल, तर सहा हजारांतून तीन हजार चारशें वजा जाऊन दोन हजार सहाशें रुपये सोबत्यास देणें निघतात. मनस्तापाची भरपाई म्हणून ते अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. किल्ली एका हातानें घ्यावी, पैसे दुसऱ्या हातानें द्यावे, विजेच्या मापकाचा आंकडा टिपावा आणि दोघांनीं पावतीवर सह्या कराव्या.

मुदत संपूनहि तो गेला नाहीं तर? मग दिवाणी न्यायालय हाच मार्ग. खोली खालीं करून देणें हें पोलिसांचें काम नव्हे. मात्र धमकी किंवा मारहाण झाली, तर ठाण्यावर तक्रार अवश्य द्यावी. दाव्यापूर्वीं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे समेटासाठीं अर्ज करतां येतो. १९८७ च्या अधिनियमाप्रमाणें स्त्रियांना, अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारांना वकिलाची मदतहि विनामूल्य मिळते.

मुळांत सोबती घेतांनाच मालकाची संमति आणि लेखी करार असता, तर यांतील बराचसा त्रास वांचला असता. कलम ५५ प्रमाणें भाड्याचा किंवा परवानगीचा करार लेखी व नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीचा खर्च पुष्कळांना जड वाटतो. भांडणाचा खर्च त्यांनीं अजून पाहिलेला नसतो.

एक महिन्यानें सोबती ट्रंक उचलून जिना उतरेल. कदाचित् तो निरोपहि घेणार नाहीं. परंतु कारकुनाची आई त्या खोलींत निजेल, तेव्हां रात्री दार वाजलें तर कोणाच्या काळजांत धस्स होणार नाहीं. कुलूप बदलून मिळालेल्या खोलींत ही शांति मिळत नाहीं. रीतीनें मोकळ्या झालेल्या खोलींत ती मिळते.